प्रयागकाकूंनी भाजलेला डोंगर

प्रयागकाकूंनी पाटोद्याच्या बसस्टँडावर हाक मारली की बीडच्या स्टँडावर झोपलेली कुत्री उठून बसायची. मधलं अंतर मोजायला जाऊ नका. मी कमीच सांगतोय. ज्यांनी तो आवाज जवळून ऐकलाय ते म्हणतील, लिहिणारा भिडस्त दिसतोय.

हल्ली मी शहरात बंगलेवाल्यांच्या बागा आखून पोट भरतो. गिऱ्हाईक म्हणतं, “पुढं छान लॉन पाहिजे हं,” आणि मला हसू फुटतं. ते मी खोकल्यात दडवतो. एका बंगलेवाल्या बाईंनी तर मला त्यावर आल्याचा काढा करून पाजला. त्या खोकल्याचं मूळ प्रयागकाकू.

आम्ही वर्गबंधू. म्हणजे मी बंधू, त्या काकू. लँडस्केप डिझाइनचा दोन वर्षांचा डिप्लोमा, बीडमध्ये, ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर, दर शनिवार-रविवारी. वर्गात आम्ही सगळे नुकतंच मिसरूड फुटलेले, सिव्हिलचा डिप्लोमा करून कुठंच न चिकटलेले गडी. आणि दाराजवळच्या बाकावर काकू. अंगावर हिरवं इरकल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पायात गड्यांच्या वहाणा आणि खांद्याला ड्रॉइंगची लांबलचक काळी नळी, बंदुकीसारखी. एकदा नव्या कंडक्टरनं विचारलं, “मावशी, नळीत काय हाय?”

“आमचं गाव हाय,” काकू म्हणाल्या. “त्याचं फुल काढू का हाफ?”

तो कंडक्टर नेकनूरला उतरला तो परत बसमध्ये चढलाच नाही, असं ऐकून आहे. बस तशीच बीडला आली.

पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, या अभ्यासक्रमाला का आलात? सर पुण्याहून यायचे, गोरेपान, हळू बोलणारे. बीडच्या उन्हाकडे ते पाहुण्याच्या वात्रट पोराकडे बघावं तसं बघत. आम्ही कुणी करिअर म्हणालो, कुणी आवड म्हणालो. खरं कारण एकच होतं, घरी बसलं की बाप बोलायचा. काकूंची पाळी आली.

“मी सही व्हायला आले.”

“सही करायला?”

“करायला न्हाई ओ. व्हायला.”

मग त्यांनी सगळी कथा सांगितली, आणि खालचा ठिबकवाला गिऱ्हाइकाला तसंच सोडून जिन्यात ऐकत उभा राहिला. पाटोद्याच्या पुढं त्यांचं गाव. गावात लिंबाखाली पार, पण तो गड्यांचा. “सकाळी चहा पिऊन बसत्यात ते जेवाय उठत्यात, जेवून परत बसत्यात. अन् आमी? यस्टीची वाट बगत उभं ऱ्हायाचं. लेकरू काखंला, पदर डोळ्यावर, अन् समोर गावचे सगळे बाप्ये पारावर. बसावं कुठं?” स्टँडामागं गावठाणाची पडीक जागा होती. खाली रस्ता, वर टेकाड. काकूंचा तिथल्या बायांचा बचत गट, गटाची रोपवाटिका. काकूंनी ग्रामसभेत उभं राहून मागणी केली: तिथं बायांना बसायला पायऱ्या करू, झाडं लावू. बायांचा पार.

गावचे पुढारी आप्पा. कडक इस्त्री, पांढरेशुभ्र, इतके की त्यांच्याकडे बघताना उन्हात लोक डोळ्यांवर हात धरत. आप्पांच्या मनात त्या जागेवर दुकानांचे गाळे होते. ते गोड हसून म्हणाले, “वैनी, असं वाऱ्यावर बोलून भागतं व्हय? आराखडा आणा. शिकलेल्या माणसाच्या सहीचा. दोन वर्सं थांबतो. तिसऱ्या वर्सी गाळे.”

“म्या लई हिंडले,” काकू म्हणाल्या. “कुणी म्हणलं सायेब मीटिंगीत हायेत, कुणी म्हणलं जागा बगाय गाडी पाठवा. म्हणलं, दारोदार सही मागत हिंडण्यापरीस आपणच सही हून यावं. बारावी झालेली हायच, बाहेरून दिलेली. लेकीबरूबर दिलती. ती नापास झाली.”

सर पहिल्यांदाच हसले. त्या दिवसापासून काकू व्याख्यान चालू असताना समासात सही गिरवायच्या. सही कसली, वेल होती. ‘प्र’पासून निघायची, ‘या’वर चढायची, ‘ग’ला दोन फेरे मारून पुढं जे तोंड वळेल तिकडं सुटायची. एकदा ती बाक ओलांडून माझ्या शर्टाच्या बाहीवर आली. आईनं तो शर्ट तीनदा धुतला. शेवटी ती म्हणाली, “राहू दे, नक्षी बरी दिसती.”

काकू हुशार होत्या का? याचं उत्तर मी सरळ देणार नाही. नकाशा छोटा करून काढायचा असतो, हे त्यांना कळायला पहिलं अर्धं वर्ष गेलं. कळायला म्हणजे पटायला. सरांनी एकास शंभर हे प्रमाण समजावलं, वडाचं झाड म्हणून नाण्याएवढा गोल काढून दाखवला. काकू त्या गोलाकडे बघत राहिल्या.

“ह्यो वड?”

“हो. वरून पाहिल्यावर.”

“सर, आमच्या वडाखाली यात्रंला सगळा तालुका जेवतो. ह्या गोलात मुंगीचं बारसं व्हायचं न्हाई.”

आणि त्यांनी आपला वड काढला. तो त्यांच्या कागदात मावला नाही, म्हणून शेजारी दुसरा कागद चिकटवला. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत वडाची एक पारंबी माझ्या बोर्डावर, दुसरी खिडकीबाहेर. खोटं वाटत असेल तर त्या माडीच्या खिडकीला आजही डिंकाचा डाग आहे.

पण लॉनचा तास झाला त्या दिवशी मात्र सरच गार पडले. सरांचं लॉनवर प्रेम. त्यांनी पडद्यावर हिरव्यागार मखमली हिरवळीचे फोटो दाखवले. काकूंनी हात वर केला.

“सर, हे गवत खातं कोण?”

“खायचं नसतं ते. बघायचं असतं.”

“पाणी किती?”

“रोज.”

“रोज! अन् शेरडू आलं तर?”

“येऊ द्यायचं नाही. आणि दर आठवड्याला कापायचं.”

काकूंनी बोटांवर हिशेब केला. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “रोज पाणी पाजायचं, काम सांगायचं न्हाई, कुणी हात लावायचा न्हाई, अन् वरून दर आठवड्याला हजामत. सर, ते गवत हाय का जावई?”

वर्ग फुटला. सर पडद्यासमोर उभे, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सगळी हिरवळ पडलेली, आणि ते हसू दाबतायत. त्यानंतर आमच्या वर्गात लॉनला कुणी लॉन म्हणालं नाही. सरांच्याही तोंडून एकदा गेलं, “पंधरा फूट रुंद जावई इथे...” आणि त्यांनी खडू खाली ठेवला.

काकूंची स्वतःची एक पद्धत होती, आणि ती कुठल्याच पुस्तकात नाही. ज्या जागेवर भाकर खाल्ली नाही ती जागा कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. जागेची पाहणी करायची म्हणजे काय, सरांच्या मते टेप, कंपास, वाऱ्याची दिशा. काकूंच्या मते, सगळ्यांना भाकरी वाटायच्या आणि बघत बसायचं. माणूस खायला कुठं टेकतो, पाठ कुणीकडं करतो, पाण्यासाठी कुठं उठतो, खाऊन झाल्यावर कुठं कलंडतो. “भुकेला माणूस खोटं बोलत न्हाई,” त्या म्हणायच्या, “पोट भरल्यावरच नखरे.”

नारायणगडाच्या पायथ्याला आमची सहल गेली तेव्हा त्यांनी आम्हाला तसंच बसवलं. भाकरींची चवड काढली, ठेचा, कांदा. आम्ही पांगलो, खाल्लं, काकू एका लिंबाला टेकून आम्हाला न्याहाळत होत्या. न्याहाळता न्याहाळता त्या झोपल्या. घोरणं असं की गडावरच्या लोकांना आभाळ भरून आलं वाटलं आणि त्यांनी वाळवण आत घेतलं. आम्ही टेप घेऊन मोजमाप करून परत आलो तोवर सावली सरकून पलीकडं गेली होती आणि काकू भर उन्हात. एक गाल टोमॅटोसारखा लाल, दुसरा तसाच.

सर हळूच म्हणाले, “काकू, सूर्य सरकतो. सावलीचा अभ्यास आपण मागच्या महिन्यात केला.”

“मला म्हाईत हाय सरकती,” काकू गाल चोळत म्हणाल्या. “पर पाहुण्याला सांगून जायाची रीत असती का न्हाई? फितूर हाय मेली.”

पण घरी जाताना बसमध्ये त्यांनी मला तीनदा विचारलं, उन्हाळ्यात दुपारी सावली कुणीकडं पडते ते. मी सांगितलं. चौथ्यांदा त्यांनीच मला सांगितलं, आणि मी चुकीचं सांगितलं होतं हेही सांगितलं.

दुसरं वर्ष संपत आलं. शेवटची परीक्षा म्हणजे स्वतः निवडलेल्या जागेचा आराखडा आणि तिचं मॉडेल, बाहेरच्या परीक्षकांसमोर. काकूंची जागा अर्थातच स्टँडामागची. त्या टेकाडाला त्या डोंगर म्हणायच्या. सरांनी समजावलं, उंचीच्या रेषा काढा, प्रत्येक रेषेला सनबोर्डचा, म्हणजे त्या हलक्या पांढऱ्या फोमच्या पुठ्ठ्याचा, एक थर कापा, मोठ्यावर लहान, लहानावर आणखी लहान. थर सगळे सारख्याच जाडीचे. झाला डोंगर.

काकूंनी सनबोर्ड नेला. कापताना बोट कापलं, बोर्ड वेडावाकडा फाटला. मग त्यांना साक्षात्कार झाला. मोठ्यावर लहान, गोल थर रचायचे? हे तर आपण रोज करतो! आणि तिथंच त्यांनी ती चूक केली, जी जगात फक्त काकूंच्याच हातून झाली असती. पार सगळ्यांचा, तर डोंगर एकटीनं का भाजावा? गटातल्या प्रत्येक घरातून एक भाकर मागवली. लहान-मोठी माप देऊन. पत्र्यावर वाळवून कडक केलेली.

परीक्षेच्या दिवशी काकू टोपली डोक्यावर घेऊन माडी चढल्या. टेबलावर आमचे पांढरेस्वच्छ सनबोर्डी डोंगर आणि मधोमध परातीत एक खरपूस, डागाडागांचा, वासाचा. सरांनी तो बघितला आणि खुर्चीत बसले. “प्रयागकाकू,” ते म्हणाले, “हे काय?”

“कडक झालाय. फुटत न्हाई.”

परीक्षक आले. उंच, किडकिडीत, चष्मेवाले, एका वेळी चार शब्दांवर न बोलणारे. पहाटे निघालेले. त्यांच्या जेवणाची व्यवस्था आमच्यातल्या एकाकडं होती. त्याला वाटत होतं ती दुसऱ्याकडं आहे. म्हणजे जेवण नव्हतं. दोन वाजून गेले. ते एकेक मॉडेल बघत, पोटावर हात ठेवत काकूंपाशी पोहोचले.

“हे कशाचं आहे?”

“ज्वारीचं.”

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. डोंगर तोच. “थर सारखे नाहीत. ही पायरी इतकी उंच?”

“ती गंगूच्या नव्या सुनंची भाकर. नवीन हाय, जमंल हळूहळू.”

“आणि हा खड्डा?”

“ती सुभद्राआजीची. तिला आता दिसत न्हाई. पर तिला न्हाई कसं म्हणायचं? पार तिचा बी हाय.”

सरांनी डोळे मिटले. मॉडेलच्या हिशेबानं काकूंच्या पारावर एक पायरी माणसाच्या कमरेला लागली असती आणि एकीत म्हातारी पडली असती. परीक्षकांनी डोंगराच्या कडेला नख लावलं. खरंच भाकरी आहे का, एवढंच बघायचं होतं. कड कट्‌कन तुटली. तुकडा हातात आला. हात नाकाशी गेला. नाकापासून तोंड काही लांब नसतं.

काकूंनी पिशवीतून निमूट ठेच्याची डबी काढून पुढं ठेवली.

पुढचं मी अतिशयोक्ती न करता सांगतो. त्या माणसानं उत्तरेचा उतार खाल्ला. मग पश्चिमेचा. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, पण थांबले नाहीत. गंगूच्या सुनेची उंच पायरी खाताना म्हणाले, “ही छान आहे.” वरचं शिखर खाऊन त्यांनी बोटं चाटली तेव्हा परातीत एक सुभद्राआजीचा खड्डा तेवढा उरला होता.

मग ते भानावर आले. रिकाम्या परातीकडे बघितलं, हातातल्या गुणपत्रिकेकडे बघितलं. चेहरा पडला.

“मॉडेल नसेल तर नापास,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “नियम आहे.”

काकू गप्प झाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. खालच्या ठिबकवाल्याला त्या शांततेनं धडकी भरली आणि तो वर बघायला आला. आता नापास म्हणजे पुढच्या वर्षी परत, आणि पुढचं वर्ष तिसरं. तिसऱ्या वर्षी गाळे. आमच्यापैकी कुणालाच कुणाकडे बघवेना.

परीक्षकांना स्वतःचीच लाज वाटत असावी. त्यांनी भिंतीवरचा काकूंचा आराखडा बराच वेळ बघितला. “पायऱ्या समजल्या. प्रत्येक पायरीच्या टोकाला सीताफळ. हेही बरं. शेळ्या तोंड लावत नाहीत. पण तुम्हीच लिहिलंय. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला. सहा महिने. पाणी कोण घालणार?”

काकूंनी आराखड्याकडे बघितलं. मग परीक्षकांच्या ठेच्यानं तेलकट झालेल्या हातांकडे. आणि त्यांच्या तोंडावर तो लॉनच्या तासाचा भाव आला.

“सर, आधी हात धुवा. मंग सांगते.” त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली.

जिन्याच्या तोंडाशी बेसिन होतं, चांगलं पांढरं, साबणासकट. परीक्षक बाटली घेऊन त्याच्या अंगावरून पुढं गेले, सज्ज्यात आले, आणि तिथं फुटक्या बादलीत आम्ही लावलेल्या कढीपत्त्याच्या बुडात वाकून त्यांनी हात धुतले. चूळही तिथंच भरली.

“सर,” काकू म्हणाल्या, “बेसिन हितं व्हतं. तुमी तिकडं काहून गेलते?”

परीक्षकांनी बेसिन बघितलं, ओले हात बघितले. “सवय,” ते म्हणाले. आणि मग चार शब्दांची मर्यादा मोडून, “आई ओरडायची. पाणी मोरीत घालवू नको, झाडाला जाऊ दे म्हणायची.”

“हेच माझं पाणी,” काकूंचा आवाज परत जागेवर आला. “गाव ऊस तोडाय जातं. यस्टी जात न्हाई. दिसभर पाशिंजर हायेत. बाई बसली की फडकं सोडती. फडकं सोडलं की भाकर. भाकर खाल्ली की हात धुती, अन् हात धुयाला झाडच बगती. म्हणून तर हरेक पायरीच्या टोकाला झाड ठिवलं. वर मागं ऱ्हायलेल्या म्हाताऱ्या हायेतच.”

“मग हे आराखड्यात का लिहिलं नाही?”

“हात धुयाचं काय लिव्हायचं!”

“लिहा,” परीक्षक म्हणाले. “आणि मॉडेल आठ दिवसांत पुन्हा करून पाठवा. सनबोर्डचं. थर सारखे.” जिन्यात थांबून म्हणाले, “भाकरी नको. माझ्याच्यानं राहवणार नाही.”

काकू काठावर पास झाल्या. सनबोर्डचं मॉडेल आम्ही सगळ्यांनी मिळून कापलं. काकूंनी ते उचलून बघितलं, वास घेतला आणि म्हणाल्या, “दिसतंय झ्याक, पर चव न्हाई ह्याला.”

त्यानंतरची ग्रामसभा मी बघितली नाही, पण ती बघितलेली इतकी माणसं मला भेटलीत की ती सगळी तिथं असती तर गाव खचलं असतं. आप्पा म्हणाले, “आराखडा झ्याक हाय वैनी. पर सही कुणाची?”

“माझी,” काकू म्हणाल्या, प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, आणि सगळ्यांसमोर सही केली. दोन वर्षं समासात दाबून ठेवलेली वेल त्या दिवशी मोकळी सुटली. कागदाच्या खालच्या कडेनं निघाली, टेबलावर उतरली आणि आप्पांच्या पांढऱ्या बाहीवर चढली. आप्पांनी सही डावीकडून उजवीकडे वाचली, मग उठून चालत जाऊन उरलेली वाचली.

“वैनी,” ते शेवटी म्हणाले, “एवढ्या मोठ्या सहीच्या खाली ‘न्हाई’ लिव्हायला जागाच ठिवली न्हाई तुमी.”

मी त्या गावाला गेलो तो मागच्या उन्हाळ्यात. एका कामासाठी जात होतो, बस थांबली, म्हटलं उतरून बघावं. टेकाडाला दगडी पायऱ्या लागलेल्या, सगळ्या सारख्या उंचीच्या; एकच जरा उंच. ती मुद्दाम ठेवली होती. गंगूच्या सुनेच्या नावानं ओळखतात. सीताफळं गुडघ्याएवढी. बुडं ओली. सावली म्हणाल तर मांजराला पुरणार नाही. त्यामुळे बाया सगळ्या खालच्या पायरीवर, एसटीच्या शेडची तिरपी सावली येते तेवढ्यात, पाय पसरून बसलेल्या, पदर डोक्यावरून खांद्यावर आलेला, मोठमोठ्यानं हसत. समोरच्या पारावरचे गडी त्यांच्याकडे चोरून बघत होते, आणि गड्यांकडे मात्र एकही बाई बघत नव्हती.

काकू मात्र वर, भर उन्हात, एकट्या. डोक्यावर ओला टॉवेल.

“काकू, खाली या की! भाजताय.”

“गप ये,” काकू ओरडल्या, आणि बीडची कुत्री उठून बसली असणार. “पाच वर्सांनी दुपारची सावली हितंच पडणार हाय. मोजलंय म्या. तवा ही गर्दी हुईल! आत्तापासून जागा धरलेली बरी.”

मी जवळ जाऊन बघितलं. त्यांच्या शेजारी तापलेल्या दगडावर ओळीनं वस्तू मांडल्या होत्या, एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकतात तशा. एक पिशवी, ती सुभद्राआजीची जागा. एक मोडकी छत्री, ती गंगूच्या सुनेची. एक ठेच्याची रिकामी डबी.

“ही कुणाची?”

“परीक्षकाची. येतो म्हणलाय.”

“पण पार तर बायांचा ना?”

“ज्यानं डोंगर खाल्ला त्येला न्हाई कसं म्हणायचं?” असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, डबीशेजारी पसरला, चार कोपरे नीट केले. “वर्गातला हायेस. तुला बी सूट.”

माझ्या बसनं हॉर्न दिला. मी रुमालाकडे हात केला तर त्यांनी हातावर चापट मारली.

“ऱ्हाऊ दे. सावली आली की घिऊन जा.”

मी पळत बस पकडली आणि मागच्या काचेतून बघितलं. काकूंनी डोक्यावरचा ओला टॉवेल काढला, शेजारच्या सीताफळाच्या बुडात पिळला, झटकून परत डोक्यावर घेतला, आणि न आलेल्या सावलीत जरा सरकून, मला जागा करून बसल्या. बीडपर्यंत मी बाहीनं घाम पुसत गेलो.